शिशाची गोल गोळी

ठासणीच्या बंदुकीत आणि पुढे मोठ्या नळीच्या काडतुसातही वापरलेला ओतीव गोळा. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे साध्या भट्टीवर, चिमट्यासारख्या दोन पाळ्यांच्या साच्यात गोळ्या ओतता येत. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनी सुरतेच्या वखारीत विलायती शिसे विक्रीस आणी. बंदुकीच्या दारूत लागणारा गुजरातेतला सोरा मात्र जहाजांतून बाहेर जाई. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडला, पण इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडनने आपली वखार बंदुकांच्या बळावर राखली.

नळीचे माप गोळीवरूनच ठरे. एका रतल (सुमारे ४५४ ग्रॅम) शिशाच्या नेमक्या जितक्या सारख्या गोळ्या होतील, तितक्या ‘बोअर’ची ती नळी: १२ बोअरची गोळी सुमारे १८.५ मिलिमीटर व्यासाची, ४ बोअरची तब्बल ११३ ग्रॅमची. आकडा लहान, नळी मोठी. नवख्याला हे उलटेच वाटते.

ठासणीच्या बंदुकीत गोळीभोवती चिंधी गुंडाळून गजाने ठासत. काडतूस आल्यावर गोल गोळीचा उणेपणा उघडा पडला: नळीच्या आतले पिळदार आटे तिला अरुंद पट्ट्यातच पकडतात, आणि लांबट गोळीपेक्षा हलकी असल्याने तिचा वेग हवेत लवकर मावळतो. तरी मोठ्या शिकारीच्या बंदुकांत ती एकोणिसाव्या शतकातही टिकली. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे.