जुना बोल्ट की नवा? राळेगणच्या वाटेवरचा एक प्रश्न

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

पुण्याहून नगरकडे निघालं की वाडेगव्हाणचा फाटा लागतो. तिथून आत वळलं की राळेगणसिद्धी. मागे एकदा तिकडे जाताना ब्रेक करकर वाजायला लागले, म्हणून हायवेकडेच्या एका गॅरेजात थांबलो. मिस्त्रींनी पॅड बदलले आणि काढलेले बोल्ट फडक्याने पुसून परत लावायला घेतले. मी विचारलं, "काका, बोल्ट नवे नको का?" ते हसले. "अहो दादा, बोल्ट काय झिजतो का?"

हे उत्तर अडाणीपणाचं नाही. त्यामागे इतिहास आहे.

राळेगणचे अण्णा हजारे सैन्यात गेले ते ड्रायव्हर म्हणून. 1965 च्या युद्धात खेमकरणला ते ट्रकच चालवत होते. आंदोलनांच्या बातम्यांत ही गोष्ट मागे पडते. आणि नगर तर लष्करी गाड्यांचंच शहर. फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून गाड्या तपासणारी लष्करी संस्था इथे हलवली गेली, तीच पुढे व्हीआरडीई झाली.

आता त्या काळच्या वर्कशॉपची कल्पना करा. महायुद्धातून उरलेल्या अमेरिकन गाड्या, ब्रिटिश गाड्या आणि जबलपूरला जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर बनणारा शक्तिमान ट्रक. आट्यांची तीन घराणी! व्हिटवर्थने 1841 मध्ये ठरवलेले ब्रिटिश आटे 55 अंशांचे, अमेरिकन 60 अंशांचे, जर्मन मेट्रिक. अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. ब्रिटिश जाड आट्यांत एका इंचात 12 आटे, अमेरिकनमध्ये 13. हाताने दोन-तीन फेरे बसतो, मग अडतो. पाना लावून जोर केला तर आटे गेलेच म्हणून समजा. युद्धात यामुळे इतका गोंधळ झाला की 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एकच माप मान्य केलं. पण आधीच बनलेल्या गाड्यांचे बोल्ट थोडेच बदलणार? अशा वर्कशॉपमध्ये चुकीच्या नव्या बोल्टपेक्षा त्याच गाडीचा जुना बोल्ट खरंच जास्त भरवशाचा होता.

शिवाय ब्रेक ड्रमचे होते. लाइनर बदलायला ड्रम काढला की हबचा नट परत तोच चालायचा, पण त्यात अडकवलेली स्प्लिट पिन किंवा वाकवलेली वायसर नवीच घालायची. ब्रेक ऑइलच्या पाइपचा पोकळ बोल्ट जुना, त्याच्या दोन बाजूंच्या तांब्याच्या वायसर नव्या. म्हणजे एकदा वापरून फेकायची वस्तू तेव्हाही होती. फक्त ती वेगळी होती आणि डोळ्यांना दिसायची.

मग डिस्क ब्रेक आले. 1953 मध्ये जॅग्वारने ल मांची शर्यत त्यांच्यावर जिंकली, आपल्याकडे घरोघरच्या गाड्यांत ते बऱ्याच उशिरा पोचले. इथे कॅलिपरचा ब्रॅकेट दोनच बोल्टांवर उभा असतो. हे बोल्ट खरं तर स्प्रिंगसारखे काम करतात: आवळल्यावर किंचित ताणले जातात आणि त्या ताणाने ब्रॅकेट दाबून धरतात. गंमत अशी की टॉर्क पान्याचा साधारण नव्वद टक्के जोर घर्षणातच जातो, ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. त्यामुळे आट्यांत गंज असेल तर पाना 'टक' करतो, आकडा बरोबर येतो, पण पकड कमीच राहते.

आणि स्प्लिट पिन कुठे गेली? तिचं काम आता अनेक गाड्यांत आट्यांवर कारखान्यातूनच लावून आलेल्या रंगीत सुक्या थराकडे आहे. असा चिकटणारा पदार्थ अमेरिकेत 1953 मध्ये व्हर्नन क्रीबलने शोधला, तोच पुढे लॉकटाइट झाला. बोल्ट काढला की तो थर फाटतो. मिस्त्रीच्या हातात मात्र धडधाकट दिसणारा बोल्टच राहतो! काही बोल्ट तर आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवून मुद्दाम मर्यादेपर्यंत ताणलेले असतात. ते परत वापरायचे नाहीत. काही कंपन्या मात्र आटे साफ करून, नवं लॉकटाइट लावून तोच बोल्ट चालतो असं सांगतात. सगळ्या गाड्यांना एकच नियम नाही, आणि बोल्टच्या डोक्यावरचा 8.8 किंवा 10.9 आकडा फक्त ताकद सांगतो, वय नाही.

मी मोबाईलवर माझ्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडलं. ब्रॅकेटचे बोल्ट नवे, सरकत्या पिनांचे तपासून चालतील, असं लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, काढलेला बोल्ट उजेडात धरून आट्यांवरचा उरलेला निळा थर नखाने खरवडून पाहिला. मग पोराला हाक मारली आणि बोल्ट आणायला सुप्याला पिटाळलं.