आकृती वाचली, लेख राहिला

सॉफ्टवेअर घडवण्याच्या दोन रीतींमधला वाद हा अभियंत्यांचा अंतर्गत प्रश्न आहे, असे साहित्याचे अभ्यासक सहज म्हणतील. आम्हांस मात्र त्याच्या मुळाशी एका लेखाच्या अपुऱ्या वाचनाचा इतिहास दिसतो.

पहिली रीत क्रमबद्ध. आधी गरजा निश्चित करायच्या, मग आराखडा, मग प्रोग्रॅमिंग आणि शेवटी चाचणी. उतरलेली पायरी पुन्हा चढायची नाही. 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा, या नावाने ती ओळखली जाते. दुसरी रीत आवर्तनाची. थोडे घडवायचे, वापरून पाहायचे, उणिवा उमगल्या की पुन्हा घडवायचे.

धबधब्याचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांना दिले जाते. अंतराळ मोहिमांच्या सॉफ्टवेअरचा अनुभव असलेल्या या अमेरिकन अभियंत्याने १९७० मध्ये एक निबंध सादर केला. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी आकृती त्यात आहे. 'धबधबा' हा शब्द मात्र कुठेही नाही. उलट आकृतीच्या पाठोपाठ रॉइस बजावतात की, कल्पना मान्य असली तरी ती अशी सरळसोट राबवणे धोक्याचे आहे. चाचणी शेवटी येते आणि तेव्हा सापडलेला दोष थेट आराखड्यापर्यंत, प्रसंगी मूळ गरजांपर्यंत मागे नेतो. म्हणून प्रणाली नवी असेल तर ती दोनदा घडवावी आणि ग्राहकाला वेळोवेळी सहभागी करून घ्यावे, असा त्यांचा सल्ला होता.

वाचकांनी आकृती उचलली, इशारा सोडला. यामागे केवळ आळस नव्हता. पायरीगणिक कागद तयार होतो, त्यावर सही होते, करारांचा हिशेब बसतो. कारभाराला आकृतीच सोयीची. अमेरिकी संरक्षण खात्याचे १९८५ चे मानक याच वळणाचे होते. १९८७ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यात आमूलाग्र बदल सुचवले, तरी त्याची जागा नव्या मानकाने घेतली ती १९९४ मध्ये. दरम्यान बॅरी बोहेम यांनी आवर्तनांचे 'स्पायरल' प्रतिमान मांडले होते. २००१ मध्ये युटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी 'अजाइल' जाहीरनामा लिहिला.

रॉइस यांना आवर्तनवादाचे आद्य प्रवर्तक ठरवणे, हेही तितकेच अपुरे वाचन होईल. त्यांनी क्रम नाकारला नव्हता. तो सावरण्याचे उपाय सुचवले होते. एखाद्याच्या नावावर खपणारे मत मूळ लेखात पडताळून पाहा, असे आपण वर्गात सांगतो तेव्हा तो निव्वळ पांडित्याचा आग्रह वाटतो. इथे तर एका आकृतीच्या वळणाने सरकारी मानक घडले, आणि ते बदलण्याची शिफारस झाल्यावरही सात वर्षे जावी लागली.