जीटीकेमधील फॉन्ट निवड संवादचौकट

फॉन्ट निवड संवादचौकट ही ग्राफिकल युजर इंटरफेस तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जीटीके या साधनसंचातील एक तयार खिडकी आहे. संगणकावर उपलब्ध असलेल्या फॉन्टांपैकी एखादे फॉन्टकुल, त्याची शैली व आकार वापरकर्त्याला तिच्यातून निवडता येतो. मजकूर संपादक, टर्मिनल आणि शब्दसंस्कारक यांसारख्या आज्ञावलींत तिचा उपयोग होतो. ही चौकट प्रत्यक्ष फॉन्ट देत नाही, तर त्याचे वर्णन देते. त्या वर्णनावरून योग्य फॉन्ट शोधणे व अक्षरे रेखाटणे ही कामे अन्य ग्रंथालये करतात. त्यामुळे चौकटीत दिसलेले अक्षर निवडलेल्या फॉन्टातीलच असेल, असे गृहीत धरता येत नाही. देवनागरीसारख्या लिपींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

इतिहास

जीटीकेची निर्मिती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या गिंप या चित्रसंपादकासाठी झाली. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एक्स विंडो प्रणालीची फॉन्ट-नावे वापरली जात. अशा नावात आडव्या रेघांनी विभागलेली १४ क्षेत्रे असत. २००२ मध्ये आलेल्या जीटीके २.० पासून ही पद्धत मागे पडली आणि पँगो या ग्रंथालयाची सुटसुटीत नावे रूढ झाली. ‘सर्व’ या अर्थाचा ग्रीक ‘पॅन’ आणि ‘भाषा’ या अर्थाचा जपानी ‘गो’ यांपासून पँगो हे नाव तयार झाले आहे.

२०११ मध्ये ३.२ या आवृत्तीत जुन्या ‘फॉन्टसिलेक्शन’ घटकाची जागा ‘फॉन्टचूजर’ने घेतली. २०२३ मध्ये ४.१० या आवृत्तीत ‘फॉन्टडायलॉग’ हा नवा वर्ग आला व ‘फॉन्टचूजरडायलॉग’ कालबाह्य ठरवण्यात आला.

फॉन्टाचे वर्णन

पँगोच्या वर्णनात कुलाचे नाव, शैली आणि आकार असा क्रम असतो. उदाहरणार्थ, ‘सॅन्स बोल्ड इटॅलिक १२’. ‘फॉन्टचूजर’मध्ये आरंभीचा फॉन्ट ‘सॅन्स १०’ हा असतो. ‘सॅन्स’ हे एखाद्या विशिष्ट फॉन्टाचे नाव नसून टोपणनाव आहे. त्याच्या जागी कोणता फॉन्ट वापरायचा, हे लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग ही प्रणाली ठरवते. म्हणून एकाच वर्णनातून दोन संगणकांवर भिन्न अक्षरे दिसू शकतात.

पँगोमध्ये आकार पूर्णांकात साठवला जातो आणि एका पॉइंटाचे १०२४ भाग मानले जातात. १२ पॉइंटांचा आकार वाचल्यास १२,२८८ ही संख्या मिळते. तिला १०२४ ने भागणे राहून गेले, तर अक्षरांचा आकार सर्वस्वी चुकतो.

आज्ञावलीतील वापर

‘फॉन्टचूजरडायलॉग’ वापरताना प्रथम चौकट तयार करून तिला मूळ खिडकीशी जोडले जाते. नंतर सध्याचा फॉन्ट तिच्यात भरला जातो आणि वापरकर्त्याच्या प्रतिसादाची वाट पाहिली जाते. जीटीके ३ मध्ये उत्तर मिळेपर्यंत आज्ञावलीला त्याच ओळीवर थांबवून ठेवता येत असे. जीटीके ४ मधून ही सोय काढून टाकण्यात आली असून उत्तर आल्यावर चालणारे स्वतंत्र फलन लिहावे लागते. ‘फॉन्टडायलॉग’मध्येही निवड सुरू करणे आणि तिचा निकाल घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वापरकर्त्याने चौकट रद्द केली, तर वर्णन मिळत नाही. ही शक्यता तपासूनच पुढे जावे लागते.

चौकटीत भरलेले नाव आणि तिच्याकडून परत आलेले नाव तंतोतंत सारखे असेलच असे नाही. ‘इटॅलिक बोल्ड’ असे दिल्यास ‘बोल्ड इटॅलिक’ असे परत येऊ शकते. म्हणून नावांच्या अक्षरमालांची तुलना न करता पँगोच्या तुलना-फलनाने दोन वर्णने पडताळली जातात. यादी मर्यादित करण्यासाठी गाळणीही लावता येते. उदाहरणार्थ, टर्मिनलसाठी केवळ समान रुंदीच्या अक्षरांचे फॉन्ट दाखवता येतात.

देवनागरी आणि नमुना मजकूर

निवडलेल्या फॉन्टात एखादे अक्षर नसल्यास पँगो ते दुसऱ्या फॉन्टातून घेते. यास पर्यायी फॉन्टाचा वापर म्हणतात. वाचकाला रिकाम्या चौकोनांऐवजी अक्षरे दिसतात, हा त्याचा लाभ होय. निवडीच्या वेळी मात्र याच सोयीमुळे दिशाभूल होते. केवळ रोमन अक्षरे असलेला फॉन्ट निवडूनही मराठी नमुना व्यवस्थित दिसतो आणि तो त्याच फॉन्टातील आहे, असा समज होतो.

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत याच्या उलट घडते. शिवाजीसारख्या फॉन्टांत देवनागरीच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेल्या असतात. त्यामुळे इंग्रजी नमुना देवनागरीच्या अर्थहीन अक्षरांत दिसतो, तर युनिकोडमधील मराठी नमुना पर्यायी फॉन्टातून येतो. यांपैकी कोणताही नमुना त्या फॉन्टाची युनिकोड मराठीसाठी उपयुक्तता सांगत नाही.

मराठीसाठी तपासणी

‘फॉन्टचूजर’मध्ये नमुना मजकूर बदलता येतो. मराठीसाठी ‘ॲप, तऱ्हा, पुऱ्या, शाळा, लक्ष्मी, ज्ञान’ यांसारखी शब्दावली उपयुक्त ठरते. तिच्यात ॲकार, रफारापेक्षा वेगळा अर्धा ऱ, ळ आणि जोडाक्षरे येतात. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत हे अक्षर नसण्याचा संभव असतो. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात व मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळवल्यावर योग्य वळण निवडले जाते.

‘फॉन्टडायलॉग’मध्ये भाषा व गाळणी ठरवता येते, नमुना मजकुरासाठी मात्र स्वतंत्र गुणधर्म नाही. अशा वेळी आज्ञावलीच्या स्वतःच्या खिडकीत नमुना दाखवता येतो. पँगोचा पर्यायी फॉन्टाविषयीचा गुणधर्म त्या नमुन्यापुरता बंद केल्यास निवडलेल्या फॉन्टात नसलेली अक्षरे चौकोनांच्या रूपाने उघड होतात. लिनक्सवर फॉन्टकॉन्फिगच्या ‘एफसी-लिस्ट’ या आज्ञेला मराठीचा ‘एमआर’ हा भाषासंकेत दिल्यास मराठीसाठी आवश्यक अक्षरे असलेल्या फॉन्टांची यादी मिळते.

अन्य साधनसंच

क्यूटीच्या फॉन्ट संवादचौकटीत लेखनपद्धती निवडण्याची यादी असते व तिच्यात देवनागरीचा समावेश आहे. विंडोजच्या पारंपरिक चौकटीतही लिपीची यादी असते. टीके साधनसंचात ही चौकट ८.६ या आवृत्तीत आली. जावाच्या स्विंगमध्ये रंग व फाइल निवडण्याचे तयार घटक आहेत. फॉन्टासाठी मात्र तसा प्रमाणित घटक नाही, त्यामुळे तो आज्ञावलीकाराला स्वतः रचावा लागतो.