पासष्ट हजार पाचशे छत्तिसावी ओळ

सप्टेंबर २०२० संपत आला होता आणि इंग्लंडमध्ये करोनाची दुसरी लाट चढत होती. व्यावसायिक प्रयोगशाळांमध्ये बाधित ठरलेल्यांची नावं सीएसव्ही फाइलींमधून पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेकडे येत. तिथे एक स्वयंचलित प्रक्रिया ती एक्सेलच्या साच्यांत भरायची आणि पुढे दोन ठिकाणी चढवायची. एक म्हणजे रोजचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड, दुसरी म्हणजे संपर्कशोध करणाऱ्यांची संगणक प्रणाली. ही दुसरी प्रणाली कुठल्याही कंपनीच्या सीआरएमच्या, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीच्याच जातीची होती. माणसाचं नाव, फोन नंबर, कोणी फोन केला, काय उत्तर मिळालं, आता पुढचा फोन कोणाला, हेच तिच्यात असायचं. फोन करणारेही बरेचसे सर्को आणि साइटेल या कंत्राटी कंपन्यांच्या कॉल सेंटरमधले होते.

साचा मात्र जुना होता, एक्सएलएस प्रकारचा. त्याच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये एक्सएलएसएक्स आणून ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींवर नेली होती. आपल्याकडच्या कचेऱ्यांतही फाइल सेव्ह करताना ‘९७-२००३’ हा पर्याय आजही दिसतो, तोच हा प्रकार. एका रुग्णाच्या निकालाला कित्येक ओळी लागत, त्यामुळे एका साच्यात जेमतेम १,४०० रुग्ण बसत.

खालचे तास ढोबळ आहेत आणि ते चूक सापडण्याच्या घटकेपासून मागे मोजले आहेत.

शुक्रवार, २५ सप्टेंबर: १६८ तास आधी

साचा भरला. उरलेल्या ओळी आत गेल्याच नाहीत. त्या दिवशी नोंदवायला हवे होते असे ९५७ रुग्ण बाहेर राहिले. आदल्याच दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारचं संपर्कशोधाचं मोबाइल अॅप सुरू झालं होतं आणि पब रात्री दहाला बंद करण्याचा नियम लागू झाला होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तुम्ही हाताने मोठी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडलीत, तर फाइल पूर्ण आली नाही असं तो सांगतो. कारण समोर वाचणारा माणूस आहे असं गृहीत आहे. स्वयंचलित प्रक्रियेत तो माणूस नसतो. पोतं भरल्यावर वरून ओतलेलं धान्य जमिनीवर सांडतं, ते निदान दिसतं तरी. इथे काय सांडलं ते दिसायला जमीनच नव्हती. प्रयोगशाळेची फाइल पूर्ण होती, साचाही वरून खालपर्यंत भरलेला होता, आणि दोन्हींकडे वेगवेगळं पाहिलं तर दोन्ही बिनचूक वाटत.

शनिवार आणि रविवार, २६-२७ सप्टेंबर: १४४ ते १२० तास आधी

आणखी ७४४, मग ७५७.

सोमवार, २८ सप्टेंबर: ९६ तास आधी

गळालेले रुग्ण शून्य. या एका दिवशी सगळे मावले.

याच सोमवारी इंग्लंडमध्ये विलगीकरण कायद्याने सक्तीचं झालं. बाधित माणसाने, आणि संपर्कशोध यंत्रणेने कळवलेल्या प्रत्येकाने, घरात राहायचं; मोडलं तर दंड १,००० पौंडांपासून १०,००० पौंडांपर्यंत. कमी उत्पन्नाच्या ज्या लोकांना घरून काम करणं शक्य नाही, त्यांना ५०० पौंडांची मदतही त्याच दिवसापासून होती. मला ही नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाधित माणसाच्या संपर्कात आलेल्याच्या बाबतीत हे कर्तव्य आणि ही मदत, दोन्हींची सुरुवात एका फोनपासून होत होती. तो फोन ज्या यादीतून व्हायचा, ती यादी तीन दिवस अपुरी होती. गोदामात पेट्या उचलणाऱ्या माणसाला शेजारचा सहकारी बाधित आहे हे कोणी कळवलंच नाही, तर तो कामावर जाणार. त्याने दुसरं काय करावं?

मंगळवार, २९ सप्टेंबर: ७२ तास आधी

गळती १,४१५. डॅशबोर्डवर देशभराचा दिवसाचा आकडा ७,१४३. तोवरचा तो सर्वांत मोठा होता, तरीही खरा नव्हता. गळालेले धरले तर ८,५५८ होतात.

बुधवार, ३० सप्टेंबर: ४८ तास आधी

गळती ३,०४९, म्हणजे एका दिवसात दुपटीहून जास्त. साच्याची जागा वाढत नव्हती आणि रुग्ण वाढत होते, त्यामुळे वाढीव रुग्णांतले बहुतेक थेट बाहेर पडत होते.

संध्याकाळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन, मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी आणि मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स पत्रकारांसमोर आले. त्या दिवशीचा जाहीर आकडा ७,१०८ होता, कालच्यापेक्षा किंचित कमी. खरा दहा हजारांच्या वर गेला होता.

गुरुवार, १ ऑक्टोबर: २४ तास आधी

जाहीर ६,९१४, गळती ४,१३३.

तीन दिवस आकडा सात हजारांच्या आसपास थांबलेला दिसला. लाट पठारावर आली असावी, असं हे आकडे पाहून कोणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात ते पठार साच्याची मर्यादा दाखवत होतं. आयात पूर्ण फसली असती, डॅशबोर्ड कोरा राहिला असता, तर तासाभरात आरडाओरडा झाला असता. अर्धवट यशस्वी झालेली आयात म्हणूनच जास्त घातक ठरते. तिचे आकडे पटण्यासारखे असतात.

शुक्रवार, २ ऑक्टोबर: शेवटचे तास

जाहीर ६,९६८. गळती ४,७८६. खरी बेरीज ११,७५४.

रात्री चूक सापडली. आठ दिवसांत एकूण १५,८४१ रुग्ण प्रणालीच्या बाहेर राहिले होते. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश शेवटच्या तीन दिवसांतले.

शनिवार, ३ ऑक्टोबर, रात्री १ वाजेपर्यंत

राहिलेली सगळी नावं संपर्कशोध प्रणालीत चढवली गेली. पुढे साच्यांवर ताण येऊ नये म्हणून फाइलींचे लहान लहान तुकडे करून त्या भरायचं ठरलं. शनिवारी जाहीर झालेला आकडा १२,८७२, रविवारी २२,९६१. मागचे रुग्ण या दोन दिवसांत मिळवले होते.

संस्थेचे हंगामी प्रमुख मायकल ब्रोडी यांनी सांगितलं की या प्रत्येकाला चाचणीचा निकाल नेहमीप्रमाणे मिळाला होता आणि बाधितांना विलगीकरणाचा सल्लाही दिला गेला होता. ते खरंच होतं, आणि ते सांगणं गरजेचंही होतं. पण संपर्कशोध बाधितासाठी नसतोच. तो त्याच्यासोबत जेवलेल्यांसाठी, एका गाडीतून गेलेल्यांसाठी असतो. त्यांच्यापैकी कोणाचंही नाव कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. बाधिताला फोन करून विचारल्यावरच ते कळणार होतं.

सोमवार, ५ ऑक्टोबर, सकाळी ९

आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, या वेळेपर्यंत गळालेल्यांतल्या ५१ टक्के रुग्णांशी संपर्कशोधासाठी बोलणं झालं होतं. उरलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना तोवर कोणीही विचारलं नव्हतं की तुम्ही कोणाला भेटलात.

त्यानंतर

थीमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी या गळतीचा अभ्यास केला. एक्सेलची मर्यादा काही कोणाचा गाव किंवा वस्ती बघून ओळी टाकत नव्हती, तरी काही भागांतल्या जास्त गळाल्या, काहींतल्या कमी. त्यामुळे दोन्हींची तुलना करता आली. जिथे जास्त नावं उशिरा पोहोचली, तिथे पुढच्या आठवड्यांत संसर्ग आणि मृत्यू जास्त झाले. त्यांच्या अंदाजानुसार या एका चुकीशी सव्वा लाखाहून अधिक वाढीव संसर्ग आणि दीड हजाराहून अधिक वाढीव मृत्यू जोडलेले आहेत.