तिकिटातला कर आणि तंबूतला पडदा

मराठी सिनेमाच्या सरकारी मदतीचा माग काढत मागे गेलो, की आधी भेटतो तो कर. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला आणि तिकिटाच्या पैशात सरकारचा वाटा आला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

१९२७ साली चित्रपटांच्या चौकशीसाठी रंगाचारी समिती बसली. साम्राज्यात ब्रिटिश चित्रपटांना झुकते माप द्यावे, हा तिच्यामागचा हेतू. समितीने तो मानला नाही, उलट देशी निर्मात्यांना भांडवल मिळावे असे सुचवले. तिच्यापुढे फाळक्यांचीही साक्ष झाली होती. अहवाल बासनात गेला. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील समितीने १९५१ साली चित्रपटांसाठी वित्त महामंडळ सुचवले, ते १९६० साली उभे राहिले.

महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात काढलेली करपरतावा योजना मला या सगळ्यांत सर्वांत शहाणी वाटते. प्रेक्षकाने तिकिटावर भरलेला कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्याने पुढचा मराठी चित्रपट काढला तरच. फ्रान्समध्ये १९४८ पासून तिकिटावरचा कर असाच पुढच्या चित्रपटाकडे वळवला जातो. महाराष्ट्राच्या योजनेत उपकाराचा भाग नव्हता. पैसा प्रेक्षकाचा आणि तो त्याच्याच भाषेत पुन्हा गुंतवला जायचा. एका चित्रपटावर थांबला असता असा निर्माता दुसऱ्याला हात घालू लागला. कॅमेरामनपासून स्पॉटबॉयपर्यंत अनेकांच्या चुली त्यावर चालल्या. पुढे दर्जा पाहून थेट अनुदान देण्याची पद्धत आली. २०१७ साली करमणूक कर जीएसटीत विरला आणि तिकिटातून निर्मात्याकडे परतणाऱ्या त्या जुन्या वाटेची शक्यताच संपली.

मदतीचे हे पैसे पोचायचे ते निर्मात्यापर्यंत. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या गावापर्यंत सिनेमा नेला तो यात्रा-जत्रांतल्या तंबूंनी. ट्रकवर लादलेले प्रोजेक्टर, रिळांचे डबे, भोंग्यावरची जाहिरात, मातीत बसलेले प्रेक्षक, मध्ये दोर बांधून बायकांची वेगळी जागा. ग्रामीण मराठी चित्रपटाचा खरा वितरक हा टुरिंग टॉकीजवालाच. परतावा मोजायचा तो जमलेल्या करावर. मग तंबूतल्या स्वस्त तिकिटाचे त्यात वजन कितीसे पडणार?

शहरातही पडद्यासाठी भांडावेच लागले. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’साठी दादरच्या कोहिनूर थिएटरपुढे शिवसेनेला उतरावे लागले. नवे मल्टिप्लेक्स आले तेव्हा त्यांना करमणूक करात सवलत मिळाली, पण मराठी चित्रपटाला सोयीची वेळ द्यावी म्हणून २०१५ साली सरकारला पुन्हा दटावावे लागले. पडदा नसेल तर अनुदानातून तयार झालेला चित्रपट डब्यातच राहतो, हे इतक्या वर्षांत कळायला हवे होते.

२०१६ साली ‘सैराट’ आला. त्याचे बरेच चित्रण करमाळा तालुक्यातले, म्हणजे इंदापूरहून उजनी धरणाच्या पाण्यापलीकडचे. इंदापूरकडच्या माणसाला त्यातली बोली, ऊस, केळीच्या बागा घरच्यासारख्या. तरीही तो मोठ्या पडद्यावर पाहायचा तर तालुक्याची नाहीतर त्याहून मोठ्या शहराची वाट धरायची.

आता प्रोजेक्टर जीपमध्ये मावतो, रिळांचे डबे लागत नाहीत. अनुदानातला एक हिस्सा निर्मात्याला न देता गावोगावच्या खेळांसाठी राखून ठेवावा: खेळामागे ठरावीक रक्कम, शाळेचे मैदान नाहीतर देवळापुढचे पटांगण आणि यात्रेच्या तंबूवाल्यांना त्यात पहिला हक्क.