सत्तेचाळीस वर्षं चाललेला मर्ज: पुण्यातलं महाभारत

आजचा एपिसोड महाभारताचा आहे, पण पांडव-कौरवांचा नाही.

व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलीय. आता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेची चिकित्सक आवृत्ती उघडा. मूळ मजकुरात ही गोष्ट नाहीच! ती मागे परिशिष्टात आहे. वस्त्रहरणाच्या प्रसंगात द्रौपदीच्या अंगावर वस्त्रामागून वस्त्र येत राहतं, पण तिने केलेला कृष्णाचा धावा तळटिपेत गेलाय. असं करायची हिंमत कोणी केली आणि कशाच्या जोरावर? ते समजायला १९१९ पासून १९६६ पर्यंतची सत्तेचाळीस वर्षं बघावी लागतात.

आधी अडचण काय होती ते बघू. महाभारत शेकडो वर्षं हाताने उतरवलं गेलं. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, बंगालमध्ये बंगालीत, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिप्यांत. उतरवणारा माणूस कधी ओळ गाळायचा, कधी ऐकलेली एखादी सुंदर कथा त्यात घालायचा. माझ्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडच्या हजारभर कॉप्या, प्रत्येकात वेगळे बदल, आणि कमिट हिस्टरी शून्य. कोणी, कधी, काय घातलं याची नोंद कुठेच नाही.

कल्पना मुळात युरोपातली. १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झ या अभ्यासकाने असं काम व्हायला हवं असं मांडलं. बर्लिनच्या ल्यूडर्सने १९०८ मध्ये नमुन्याची थोडी पानं छापली. मग पहिलं महायुद्ध आलं आणि ते काम तिथेच थंडावलं. इकडे पुण्यात १९१७ साली भांडारकर संस्था सुरू झाली आणि दोनच वर्षांत या नव्या कोऱ्या संस्थेने हे काम अंगावर घेतलं. १ एप्रिल १९१९ ला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते मंगलश्लोक लिहून आरंभ झाला. तेव्हा त्यांचं वय ८१. (एप्रिल फूलचा विनोद करायचा मोह मी आवरतोय.) औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी पैशाचं पाठबळ दिलं. हे सांगायलाच हवं, कारण नुसत्या चिकाटीवर पगार होत नाहीत.

सुरुवातीला गाडी नीट चालली नाही, हे मला या कहाणीत फार आवडतं. पहिले संपादक उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती काढून विद्वानांकडे मतांसाठी पाठवली. आजच्या शब्दात बीटा. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी कामाची पद्धतच नव्याने बसवली. विराटपर्वाचीही अंतिम आवृत्ती पुढे १९३६ मध्ये रघुवीरांनी नव्याने संपादित केली. म्हणजे सहा वर्षं झाल्यावर पुन्हा पायापासून बांधकाम. आपल्याकडे चिकाटी म्हणजे धरलेली वाट न सोडणं असं समजतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. सुखठणकरांनी ध्येय धरून ठेवलं आणि वाट बदलली.

हा माणूस मूळचा गणिताचा! केंब्रिजला गणित शिकला, मग बर्लिनला ल्यूडर्सच्या हाताखाली संस्कृत. ती शिस्त कामात दिसते. प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला एक मोठा कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, आणि जिथे अक्षर वेगळं असेल तिथेच ते लिहायचं. डिफच की हा, फक्त हाताने केलेला. एका श्लोकासाठी किमान दहा पोथ्या, बऱ्याच ठिकाणी वीस, काही ठिकाणी तर साठ. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावरलाही माणसं हेच करत बसली होती. पूर्ण प्रकल्पात १२५९ हस्तलिखितं तपासली गेली.

निवड कशी करायची? ढोबळ नियम असा: एकमेकांशी संबंध नसलेल्या दूरदूरच्या पोथ्या, म्हणजे समजा काश्मीरची आणि केरळची, एकच पाठ देत असतील, तर तो जुना. गणपतीची गोष्ट या चाळणीतून खाली पडली. जिथे खात्री नव्हती, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. आणि गाळलेलं काहीही फेकलं नाही, सगळं तळटिपांत नाहीतर परिशिष्टात जपून ठेवलं. तुम्हाला निर्णय पटला नाही, तर पुरावा त्याच पानावर आहे.

पटला नाही असे लोक होतेच. सिल्व्हाँ लेव्ही या मोठ्या फ्रेंच अभ्यासकाचं म्हणणं होतं, की नीलकंठाचा प्रचलित पाठ तसाच छापा आणि खाली पाठभेद द्या, बस. (हा नीलकंठ म्हणजे सतराव्या शतकात काशीत राहणारा टीकाकार, मूळ घराणं आपल्या कोपरगावचं.) आक्षेप वेडगळ नव्हता. चार ठिकाणचे तुकडे जोडून केलेला पाठ कोणत्याच एका पोथीत नसतो. सुखठणकरांनीही हे व्यासांचं मूळ महाभारत आहे असा दावा कधी केला नाही. हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं, एवढंच ते म्हणाले.

आदिपर्व पूर्ण झालं १९३३ मध्ये. अठरातलं एक पर्व, आठ वर्षं. आणि मग खरी परीक्षा झाली. नेपाळच्या राजगुरू हेमराज पंडितांकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी पुढे आली. संपादन करताना ती कोणी पाहिलेलीच नव्हती. ताडून बघितलं, तर सुखठणकरांनी प्रक्षिप्त म्हणून काढलेले कितीतरी भाग त्या पोथीतही नव्हते! कोड लिहून झाल्यावर कोणीतरी तिसऱ्यानेच टेस्ट केस आणून द्यावी आणि ती पास व्हावी, तसं. हा भाग वाचताना मी लॅपटॉपसमोर एकटाच टाळ्या वाजवल्या.

सुखठणकरांना पुढचं फार बघता आलं नाही. १९४२ मध्ये त्यांचं आरण्यकपर्व आलं. मग मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानं ठरली. तीन झाली. चौथं व्हायच्या आधीच, २१ जानेवारी १९४३ ला, ते गेले.

काम थांबलं नाही, कारण पद्धत एका माणसाच्या डोक्यात नव्हती, त्या कागदांवर होती. बेलवलकरांनी जबाबदारी घेतली आणि १९६१ पर्यंत सांभाळली, नंतर प. ल. वैद्य आले. सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एजर्टनने केलं, द्रोणपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी, शल्य आणि अनुशासन रा. ना. दांडेकरांनी. मधे दुसरं महायुद्ध झालं, फाळणी झाली, औंध संस्थान विलीन झालं, मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं. कागद भरले जात होते.

२२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्णत्वाचा समारंभ झाला. पहिली ओळ लिहिणाऱ्या भांडारकरांना जाऊन तेव्हा ४१ वर्षं झाली होती. वैद्य मात्र लगेच हरिवंशाच्या संपादनाला लागले.

पुढे जपानच्या मुनेओ तोकुनागांनी हा सगळा पाठ कॉम्प्युटरवर चढवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथनी तो तपासून दुरुस्त केला. तोच पाठ आज आपण फोनवर सर्च करतो. बिबेक देबरॉय यांचं दहा खंडांतलं इंग्रजी भाषांतरही याच आवृत्तीवरून झालंय. पुण्यात असाल तर संस्था लॉ कॉलेज रोडवर आहे. एखादा खंड हातात घ्या, कुठलंही पान उघडा, आणि वर श्लोक किती नि खाली पाठभेद किती ते बघा. बऱ्याच पानांवर खालचा मजकूरच जास्त निघेल.