हळू गाणं म्हणजे दबकं गाणं नव्हे

मी राजापेठेतून बोलते आहे. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गेली अनेक वर्षं मी मुलींना गाणं शिकवते. खिडकीतून बडनेरा रोडचा आवाज येतो, गाड्यांचे हॉर्न येतात, आणि त्यातच आमचा तंबोरा लागतो. आज मी तुम्हाला भावगीताचा थोडा इतिहास सांगणार आहे. पण त्याआधी माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. त्या चुकीमुळेच मला हा इतिहास पुन्हा वाचावा लागला.

माझ्याकडे कॉलेजात शिकणारी एक मुलगी येते. सात-आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकली आहे. आवाज मोकळा, तान स्वच्छ, लय पक्की. युवक महोत्सवात तिनं सुगम गायनात भाग घ्यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तिनं भावगीत म्हटलं आणि मला वाटलं, ही ख्यालच गाते आहे. शब्द कुठं गेले ते कळेना. मी म्हटलं, "हळू गा." दुसऱ्या दिवशी ती हळू गायली, पण कशी? घरात पाहुणे बसले असताना स्वयंपाकघरात बोलावं तशी. सूर खाली आला, श्वास तुटला. मी पुन्हा म्हटलं, "अजून हळू." असं तीन-चार दिवस चाललं. मग एक दिवस तिनं वही मिटली आणि म्हणाली, "बाई, घरी हळू बोल म्हणतात, रस्त्यानं हळू हास म्हणतात. आता गाण्यातबी हळूच? मंग गाऊ तरी कायले?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे चार दिवस ती आलीच नाही.

मैत्रिणींनो, त्या चार दिवसांत मी विचार केला. आपल्यापैकी प्रत्येकीनं लहानपणापासून "हळू" हा शब्द ऐकलेला आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा "गप्प" असाच असतो. मी नकळत तिला तेच सांगत होते. पण भावगीतातला हळुवारपणा हा काही गप्प बसण्याचा प्रकार नाही. तो आला कुठून, हे पाहिलं की हे कळतं. आणि ही गोष्ट थेट आपल्या अमरावतीपर्यंत येते.

आधी जुन्या काळात जाऊ. संगीत नाटकांचा तो काळ. बालगंधर्वांचं 'स्वयंवर' 1916 मध्ये रंगभूमीवर आलं, त्यात पन्नासच्या आसपास पदं होती. स्त्रियांची कामं पुरुषच करायचे. नाटक रात्रभर चालायचं आणि समोर माईक नसायचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं तर आवाज फेकावाच लागे. शास्त्रीय मैफलीचंही तेच. गळा कमवायचा म्हणजे तो लांबवर पोचेल असा करायचा. सुरुवातीच्या रेकॉर्डचीही हीच गत. 1902 मध्ये गौहरजानचं गाणं कलकत्त्याला मुद्रित झालं, तेव्हा गायिकेला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. आवाजाच्या जोरानंच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू म्हटलेलं तिथं उमटतच नसे.

म्हणजे आपल्याकडे जोरकस गाण्याची जी सवय आहे, तिच्यामागं कलेइतकीच गरजही होती. माझी विद्यार्थिनी चुकत नव्हती. तिला ज्या गाण्यासाठी तयार केलं होतं, तेच ती गात होती.

मग 1925 च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, म्हणजे माईक आला. 23 जुलै 1927 ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. आता गाणारा आणि ऐकणारी यांच्यातलं अंतर एकदम कमी झालं. बाई आपल्या घरात पोळ्या लाटते आहे आणि गाणारा जणू शेजारी बसून तिला काही सांगतो आहे! शेजारी बसलेल्या माणसाशी कोणी ओरडून बोलत नाही. त्यातच 78 च्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात आलाप, ताना, पुनरावृत्ती बसत नव्हती. एक लहानशी कविता मात्र नेमकी बसायची. 1930 नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत गजानन नव्हे, गोविंदराव, म्हणजे जी. एन. जोशी या वकिलीची पदवी घेतलेल्या गायकानं एक कविता रेकॉर्डवर म्हटली आणि ती घरोघर गेली. 'शीळ' ही ती कविता. कवी ना. घ. देशपांडे. हे आपल्या वऱ्हाडातल्या बुलडाणा जिल्ह्यातले, मेहकरला वकिली करणारे. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना बहुतेक जण याच रेकॉर्डचं नाव घेतात.

आता अमरावतीकडे येऊ. केशवराव भोळे यांचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं आहे? 'संत तुकाराम' हा प्रभातचा सिनेमा मात्र सगळ्यांना माहीत असतो. 1936 च्या त्या सिनेमाचं संगीत केशवरावांचं. ते 1896 मध्ये आपल्या अमरावतीत जन्मले. डॉक्टर व्हायला मुंबईला गेले आणि गाण्याच्या नादानं ते शिक्षण सुटलं. संगीतावर ते 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' या टोपणनावांनी लिहीत. 'आवाजाची दुनिया' हे त्यांच्या एका पुस्तकाचं नाव. गाण्यातल्या आवाजाचा एवढा बारीक विचार करणारी माणसं मराठीत थोडीच झाली.

1932 मध्ये केशवरावांचं लग्न झालं ते दुर्गा केळेकर या तरुण गायिकेशी. गोव्यातल्या बांदिवड्याची ही मुलगी. लहानपणीच बहिणीबरोबर मुंबईला आलेली, आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे तालीम घेतलेली. आग्रा घराणं म्हणजे खुला, ठाम आवाज आणि लयीशी झुंज. लग्नानंतर ती झाली ज्योत्स्ना भोळे. वय अवघं अठरा. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 1933 ला, 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक मुंबईत रंगभूमीवर आलं. नाट्यमन्वंतर या मंडळींनी ते केलं, श्री. वि. वर्तक यांनी एका नॉर्वेजियन नाटकावरून ते लिहिलं होतं. त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. पन्नास पदांच्या जागी मोजकीच गाणी होती. संगीत केशवरावांचं, गाणार ज्योत्स्नाबाई.

ही गाणी वेगळी का वाटली? नाटकातली स्त्री बोलता बोलता गाऊ लागते आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येते. मध्ये तानांची आतषबाजी नाही. स्त्रीचं मन बाईच्याच तोंडून आणि बाईच्याच आवाजात लोकांसमोर आलं. इतके दिवस ते पुरुष नट गाऊन दाखवत होते. म्हणजे बघा, ज्या वेळी आवाज हळुवार झाला, त्याच वेळी बाई रंगमंचावर आली. ती मागे सरली नाही, पुढे आली.

आणि ज्योत्स्नाबाईंची तालीम वाया गेली का? मुळीच नाही. 1942 मध्ये 'कुलवधू' नाटकात त्यांनी मास्तर कृष्णरावांच्या चाली गायल्या, त्या आजही लोकांच्या कानात आहेत. शास्त्रीय गळा होता म्हणूनच सूर इतका नेमका लागत होता. फक्त तो दाखवायचा नव्हता. पायाचे दगड जमिनीत असतात तसा तो खाली होता.

हीच गोष्ट पुढं माणिक वर्मांची. 1926 मध्ये पुण्यात जन्मलेल्या माणिकताईंनी किराणा घराण्याच्या सुरेशबाबू माने यांच्याकडे तालीम घेतली. ख्याल, ठुमरी आणि भावगीत या तिन्ही ठिकाणी त्या सारख्याच मान्य होत्या. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, त्यातल्या गायिकांमध्ये त्या होत्या. आणि आपल्याच मूर्तिजापूरला 1920 मध्ये जन्मलेले वसंतराव देशपांडे घ्या. 1967 च्या 'कट्यार काळजात घुसली' मधला त्यांचा खाँसाहेब ऐकला तर अंगावर काटा येतो. तोच गळा श्रीनिवास खळे यांच्या चालीवर वा. रा. कांत यांची 'बगळ्यांची माळ फुले' ही कविता म्हणतो, तेव्हा एकेक शब्द ओंजळीत धरल्यासारखा येतो. ताकद तीच आहे, ती आवरून धरलेली आहे. घागर डोक्यावर घेऊन न हिंदकळता चालणाऱ्या बाईला विचारा, त्याला जास्त बळ लागतं की कमी.

पाचव्या दिवशी मीच त्या मुलीच्या घरी गेले. म्हटलं, "चूक माझी. तुला हळू गायचं नाही. तुला जवळून गायचं आहे." ती पाहतच राहिली. मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. काय काय केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल.

पहिले दोन दिवस गाणं बंद. कविता फक्त वाचायची, एका मैत्रिणीला आपलं काही सांगावं तशी. कुठं थांबावंसं वाटतं, तिथं पेन्सिलीनं खूण. श्वास त्या खुणेवरच घ्यायचा, शब्दाच्या मध्ये नाही. मग पट्टी बदलली. ख्यालाला ती जी पट्टी घ्यायची, त्याच्या दीड-दोन स्वर खाली आलो, कारण बोलण्याचा आवाज तिथं राहतो. मग ती ओळ 'आ'कारात पूर्ण आवाजात गायची, पोटापासून श्वास घेऊन. लगेच तीच ओळ, तोच श्वास, पण मी तिच्या शेजारी बसलेली. आवाज कमी होतो, श्वास कमी होत नाही. दबकं गाणं आणि हळुवार गाणं यांतला फरक इथंच आहे. दबक्या गाण्यात श्वासच आखडतो, म्हणून सूर पडतो.

गमक काढली, मींड ठेवली. मुरकी घ्यायची तर शब्दाला विचारून. माईक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, नाहीतर 'भ' आणि 'फ' फटाक्यासारखे वाजतात. एक दिवस तिच्या भाचीला मांडीवर दिलं आणि म्हटलं, "हिला झोपव." ती अंगाई गुणगुणली. मी म्हटलं, "पोरी, हेच! आत्ता तुझा सूर हलला का?" नव्हता हलला. आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलो. पाळण्याजवळ आवाज लहान होतो, पण सूर सोडून कोणती आई अंगाई म्हणते?

महोत्सवात तिला नंबर मिळाला नाही. ते मी लपवत नाही. पण तिची आई शेवटच्या रांगेत बसली होती. सात-आठ वर्षं ती माउली मुलीची तान ऐकत होती आणि कधी काही बोलली नव्हती. बाहेर आल्यावर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई, आज पयल्यांदा मले गाण्यातलं सारं समजलं."

मुलगी आता पुन्हा नियमानं येते. सकाळी ख्याल गाते, खिडक्या हलतील असा. संध्याकाळी भावगीत घेते. दोन्ही तिचेच आवाज आहेत, आणि कोणता केव्हा काढायचा हे तीच ठरवते.

तुमच्या घरात एखादी मुलगी गात असेल, तर तिला "हळू" म्हणण्याआधी एकदा विचार करा. आपल्याला तिचा आवाज कमी करायचा आहे, की तिचा शब्द नीट ऐकायचा आहे? दुसरं असेल, तर तिच्या जवळ जाऊन बसा.